बाटल्या माझ्या होत्या

मी बिअर पीत होते. बेळगावात, स्टेशनामागच्या माडीवरच्या दोन खोल्यांत, भरदुपारी, रुळांकडची खिडकी सताड उघडी ठेवून. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे आता ही बाई कधी पश्चात्ताप करते म्हणून कुणी वाट बघत बसायला नको. आणीबाणी उठली त्या वर्षी सुरू केलं आणि पुढची दहा-बारा वर्षं महिन्यातून दोनदा, एकेक बाटली. पूर्ण. अर्धी ओतून द्यायला ते काय खोकल्याचं औषध होतं?

हल्ली माझ्या भाच्यांची पोरं बंगळूरला जातात, ‘क्राफ्ट’ नावाची बिअर पितात आणि हिच्यात संत्र्याची साल आहे, तिच्यात धणे आहेत, असं मला फोनवर समजावून सांगतात. मी ऐकून घेते. माझ्याकडे तीन वह्या आहेत, त्यांत हे सगळं त्यांच्या जन्माआधी लिहून ठेवलंय, हे मी त्यांना सांगत नाही. उगाच त्यांचा हिरमोड कशाला करायचा.

माझं नाक आईचं. आई निपाणीला तंबाखूच्या वखारीत चाळणीवर बसायची. तिच्या केसांना, पदराला, पीठ मळणाऱ्या हातांनासुद्धा तंबाखूचा वास असायचा. वखारीत व्यापाऱ्याचा पारखी यायचा. चिमूटभर तंबाखू तळव्यावर चोळायचा, नाकाशी न्यायचा, डोळे मिटायचा आणि मालाची प्रत सांगायचा. त्या डोळे मिटण्याचा त्याला पगार होता. आईला मात्र पोतं उघडायच्या आधीच कळायचं की तळाचा माल उबलाय. एकदा तिनं तसं सांगितलंही. “तू चाळ गं, वास घ्यायला मी हाय की,” असं तो म्हणाला आणि बाकीच्या बायका हसल्या. पुढच्या आठवड्यात तोच माल परत आला. तरी आईला कुणी काही विचारलं नाही. मी आठ-नऊ वर्षांची असेन, तिच्या शेजारी बसून हे बघितलं. त्या माणसाचा मला जो राग आला तो अजून गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

पुढं मी शिकले. बेळगावच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर झाले. निपाणीची आमची वस्ती मी लहान असतानाच बौद्ध झाली होती. लग्नही तसंच झालं, वंदना आणि पंचशील म्हणून, पांढऱ्या साडीत. नवरा रेल्वेत मालगाडीचा गार्ड. मिरजेपासून लोंढ्यापर्यंत त्याची ड्युटी, कधी पुढं घाट उतरून वास्कोपर्यंत. पण गार्ड हे त्याचं पोटापाण्याचं काम. त्याचा खरा जीव होता लग्नं लावण्यात. आमच्यात लग्न लावायला भटजी नसतो. समाजातलाच एखादा नीट वागणारा, पाठांतराचा माणूस उभा राहतो आणि गाथा म्हणून लग्न लावतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठूनही बोलावणं आलं की हा रात्रपाळी करून, न झोपता, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून निघायचा. आवाज असा की मांडवातली रडणारी पोरं गप्प व्हायची. सुपारीचं खांडसुद्धा तो कधी तोंडात टाकत नसे. पाच शीलांतलं चौथं खोटं न बोलण्याचं, पाचवं दारूपासून दूर राहण्याचं, आणि ती तो सगळ्यांकडून म्हणवून घ्यायचा. माझ्याकडूनसुद्धा.

लग्नानंतर पासावर आम्ही वास्कोला गेलो. बंदराजवळच्या एका खानावळीत नवऱ्यानं स्वतःसाठी लिंबूसोडा मागवला. वेटरनं लिंबूसोडा माझ्यापुढं ठेवला आणि शेजारच्या टेबलानं मागवलेली बिअर चुकून त्याच्यापुढं. पुरुष बसलाय म्हटल्यावर बिअर त्याचीच असणार, एवढा साधा हिशोब. नवरा दचकून मागं सरकला आणि मी वाकून वास घेतला. भिजत घातलेलं धान्य, आंबील, आणि मागून काहीतरी कडू, हिरवं. हे कडू कशाचं ते मला ओळखता येईना. नाकाला न ओळखता येणारी गोष्ट मला सहन होत नाही. मी घोट घेतला.

“ए, काय कराल्यास?” नवरा कुजबुजला.

“बघाल्ये,” मी म्हटलं, आणि आणखी एक घेतला.

घरी परतल्यावर मी प्रयोगाच्या जर्नलची कोरी वही काढली. रंग, फेस, फेस किती वेळ टिकतो, वास थंड असताना, वास कोमट झाल्यावर, पहिला घोट, गिळल्यानंतर जिभेवर काय राहतं. असे रकाने आखले आणि पहिल्या पानावर आठवून सगळं भरलं. कुणी सांगितलं नव्हतं. नंतर पुष्कळ वर्षांनी कळलं की परदेशात लोक हेच करतात आणि ते छापून येतं.

नवऱ्याला हे पटलं नव्हतं, आणि पटलं असं त्यानं कधी दाखवलंही नाही. “शील मोडतंय तुझं,” एवढं एकदा स्वच्छ बोलला. मी म्हटलं, “मोडतंय.” त्यावर वाद घालायला मी काही कायदेपंडित नव्हते. पण पुढच्या वास्कोच्या फेरीहून तो आला तेव्हा गार्डाच्या पेटीत, लाल आणि हिरव्या झेंडीच्या मधे गुंडाळलेली, बाटली होती. परमिटाचा कागदसुद्धा रीतसर. “दुसऱ्या कंपनीची हाय,” म्हणाला. “तुझं नाक काय म्हंतंय बघू.”

तेव्हापासून ती रीतच पडली. बाटली ओल्या पोत्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवायची, कारण फ्रीज आमच्याकडे नव्हता. काचेचा बीकर मी सामानवाल्याकडून विकत आणला होता. कॉलेजातला उचलला नव्हता, हेही सांगून ठेवते. मी ओतायचे, आधी बीकर नवऱ्याच्या नाकाखाली धरायचे. वासानं शील मोडत नाही, असा निवाडा त्यानंच दिला होता. तो एकच शब्द बोलायचा. ‘वैरण.’ ‘ताक.’ ‘ओलं फडकं.’ बहुतेक वेळा बरोबर असायचा. मग तो भाकरी खायला बसायचा आणि मी वही घेऊन.

आपल्याकडच्या बिअर तेव्हा सगळ्या एकाच आईच्या लेकी. पिवळ्या, गोडसर, मागून डोकं धरणाऱ्या. वास्कोच्या दुकानदारानं नवऱ्याला एक युक्ती शिकवली होती. बिअरमध्ये ग्लिसरीन घालतात, म्हणून बाटली पाण्यानं भरलेल्या ग्लासात उलटी धरायची, जड ग्लिसरीन खाली उतरतं. बंदरावर सगळे असंच करायचे म्हणे. आम्ही केलं. खरंच एक दाट धार ग्लासात उतरताना दिसली. नवरा खूश. मी ती धार चमच्यानं घेऊन चाखली. ती बिअरच होती, आणि तिच्या जागी बाटलीत साधं पाणी चढलं होतं. मोठमोठे शौकीन पुरुष स्वतःच्या हातानं बिअरमध्ये पाणी घालत होते आणि वर अक्कल शिकवत होते. मी वहीत लिहिलं, ‘ग्लिसरीन: भंपकपणा.’

कॉलेजात एक प्राध्यापक होते. क्लबात जाऊन काय काय पितात ते स्टाफरूममध्ये रंगवून सांगायचे आणि सगळे कौतुकानं ऐकायचे. एकदा मीही तोंड उघडलं, म्हटलं, जव जास्त भाजला की रंग गडद होतो, त्यात साखर घालावी लागत नाही. ते माझ्याकडे बघून हसले. “हां, तुमच्यात चालतंच की.” मी म्हटलं, “सर, आमच्यात काय चालतं ते तुम्हाला ठाऊक, आणि तुमच्यात काय चालतं ते क्लबच्या वेटरला ठाऊक.” त्यानंतर वर्षभर ते माझ्याशी बोलले नाहीत. माझं काही अडलं नाही. पण घरी येऊन मी रडले, हे खरं आहे. त्यांच्या हातात ग्लास असला की ते रसिक, आणि माझ्या हातात असला की माझी जात.

मग एका पावसाळ्यात बेल्जियमची बाटली आली. वास्कोला खनिज न्यायला जहाजं यायची. त्यांतले खलाशी बंदरावरच्या एका दुकानात उरलंसुरलं सामान विकून जायचे. दुकानदारानं ती नवऱ्यासाठी बाजूला काढून ठेवली होती. “बायकोसाठी नेतो,” असं नवरा दर वेळी सांगायचा आणि दुकानदार दर वेळी डोळा मारायचा. बुटकी, जाड काचेची बाटली. बूच तारेनं बांधलेलं. कागदावर एका ख्रिस्ती मठाचं चित्र. भिक्खू बिअर करतात हे बघून नवऱ्याला इतका धक्का बसला की त्यानं चष्मा पुसून पुन्हा बघितलं. “ह्यांचं पाचवं शील काय हाय म्हनं?” त्यानं विचारलं. मी म्हटलं, त्यांची शीलं वेगळी असतील.

बूच उडून कौलाला लागलं. तळाला गाळ होता, तो मी ढवळू दिला नाही. रंग चिंचेच्या कोळाचा, फेस सायीइतका जाड. नवऱ्यानं वास घेतला आणि पहिल्यांदाच एका शब्दात आवरेना. “कुंद्याची कढई,” म्हणाला, “खाली लागलेली. खरवडल्याली.” अगदी तसंच, आटवून लाल झालेल्या खव्यासारखं. त्यात खारीक, जळायला आलेला गूळ, मागून लवंगेचा ठसका, आणि गिळल्यावर छातीत शेकोटीसारखी ऊब. मी दोन पानं लिहिली. त्या दिवशी मला इतका आनंद झाला की तो कुणाला तरी सांगावा म्हणून मी खिडकीशी गेले. खाली शंटिंग चाललं होतं. सांगण्यासारखं कुणीच नव्हतं.

तोवर गल्लीनं तिचं तिचं ठरवून टाकलं होतं. बाटल्या नवऱ्याच्या पेटीतून यायच्या. रिकाम्या झाल्या की दारावरच्या भंगारवाल्याला तोच द्यायचा, कारण मी त्या वेळी कॉलेजात. मग निष्कर्ष निघायला किती वेळ लागतो? एक दिवस नळावर शेजारीण मला समजुतीच्या सुरात म्हणाली, “घरात बसून घेतात न्हवं गार्डसाब, भायेर तमाशा न्हाय. लई नशिबाची हाईस.” मी हसले. घरी येऊन नवऱ्याला गंमत म्हणून सांगितलं. तो हसला नाही.

“तुमाला म्हाईत होतं?”

“सा म्हैनं झालं.”

मग मी आठवू लागले. त्या उन्हाळ्यात त्याला फक्त दोन लग्नांची बोलावणी आली होती. आदल्या वर्षी उसंत नव्हती. पांढरा शर्ट इस्त्री करून खुंटीला लटकत होता आणि मला वाटलं होतं, यंदा मुहूर्त कमी असतील. आमच्यात मुहूर्त कोण बघतं? एवढंही माझ्या डोक्यात आलं नाही. त्या बाबतीत मी स्वतःला माफ केलेलं नाही.

“सांगितलं का न्हाई?”

“काय सांगू? माझी न्हवं, बायकोची हाय, म्हनून?” त्यानं ताट पुढं ओढलं. “वाढ.”

पुढच्या रविवारी वंदना झाल्यावर विहारातच बैठक बसली. पत्र्याचं छप्पर, सतरंजी, पुरुष पुढं, बायका मागं. वस्तीतले एक निवृत्त मास्तर होते, त्यांना सगळे अण्णा म्हणत. ते बोलायला उभे राहिले. वाईट माणूस नव्हता तो. आमच्या वस्तीतल्या हातभट्ट्या बंद व्हाव्यात म्हणून त्यांनी मार खाल्ला होता, त्यांच्या कपाळावर खूण होती. दारूनं काय केलंय ते त्यांनी बघितलं होतं आणि मीही बघितलं होतं. त्यांचा राग मला कळत होता, म्हणून तर जास्त अवघड होतं.

“गार्डसाहेबांविषयी आदर आहे,” अण्णा म्हणाले. “पण जो पाचवं शील म्हणवून घेतो, त्याच्याच घरातून बाटल्या निघतात. लोक विचारतात. मी काय उत्तर देऊ?”

नवरा खाली बघत बसला होता. सतरंजीचा एक सुटलेला धागा बोटाला गुंडाळत. मी उठून उभी राहिले.

“बाटल्या माझ्या हायत अण्णा. मी पिते. ह्यांनी थेंबसुद्धा कधी तोंडात घेतलेला न्हाई.”

मग अण्णांचे डोळे चक्क भरून आले. “बघा,” ते सगळ्यांना म्हणाले, “नवऱ्याची अब्रू वाचवायला ही शिकलेली बाई स्वतःवर आळ घेते आहे. काय बोलावं!” मागं दोन-तीन बायकांनी पदर डोळ्याला लावला. कुणीतरी माझा हात ओढून मला खाली बसवू लागलं. “बस गं बाई, कळलं सगळ्यास्नी.”

आयुष्यात माझा इतका संताप कधी झाला नव्हता. शिवी दिली असती तर सोसली असती, पण माझी बिअरसुद्धा नवऱ्याच्या खात्यावर आणि वर माझी पूजा! मी हात सोडवून घेतला, तरातरा घरी गेले, वही घेऊन आले आणि उभ्यानं वाचायला लागले. तारीख. रंग. फेस. ‘पहिला घोट: कडू, कडुनिंबाच्या काडीइतका नाही, कारल्याच्या सालीइतका. गिळल्यावर: भाकरीचा करपलेला पापुद्रा.’ एक पान झालं, दुसरं झालं. तिसऱ्या पानावर बायकांनी पदर खाली केले. चौथ्या पानावर मी ग्लिसरीनविषयी वाचलं तेव्हा पुरुषांतल्या एकाच्या तोंडून “खरं काय?” निघून गेलं आणि तो जीभ चावून गप्प झाला.

“पुरे,” अण्णा म्हणाले. त्यांचा चेहरा दगडासारखा झाला होता.

त्यांनी माझ्याकडे न बघता नवऱ्याला सांगितलं. तुमच्यावरचा आळ गेला, पण घरात हे चालत असेल तर लग्नं लावता येणार नाहीत. बाईंनी एका कागदावर लिहून द्यावं, चूक झाली, सोडलं, यापुढं शिवणार नाही. ज्या दिवशी सही येईल त्या दिवसापासून तुम्ही पुन्हा उभे राहा. कागद त्यांनी तिथंच, सुंदर अक्षरात लिहिला आणि नवऱ्याच्या हातात दिला. त्यानं तो चौघडी करून खिशात ठेवला. घरी आल्यावर कॅलेंडरच्या खिळ्याला लावून टाकला. मला एका शब्दानं सही कर म्हणाला नाही, करू नको असंही म्हणाला नाही.

आठ महिने तो कागद तिथं होता. त्या काळातही मी महिन्याला दोन बिअर चाखल्या आणि लिहिल्या. मुद्दाम. चव लागली नाही, तेही लिहिलं. नवरा बाटली आणायचा, वास घ्यायचा, एक शब्द सांगायचा. लग्नाची बोलावणी बंद झाली होती ती झालीच.

मग नंदगडला त्याच्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न निघालं. आम्ही पाहुणे म्हणून गेलो. लग्न लावायला एक नवखा तरुण होता, पाठ कच्चं. नवरा तिसऱ्या रांगेत मांडी घालून बसला होता, हात गुडघ्यांवर. अष्टगाथेच्या मधेच तो तरुण अडकला. कागद चाळू लागला, घामाघूम झाला. मांडवात कुजबूज सुरू झाली. नवऱ्याचे ओठ हलत होते, मी बायकांत मागं एका कडेला होते, तिथून मला दिसत होतं. पुढची ओळ त्याच्या तोंडात तयार होती आणि तो ती दातांनी धरून बसला होता. मागं एकदा तरी वळून बघेल, असं मला वाटलं. तो वळला नाही. तरुणाला पान सापडलं, लग्न लागलं, फुलं पडली. नवऱ्यानं फुलं टाकलीच नाहीत, डावी मूठ तशीच मिटलेली राहिली, जेवतानासुद्धा.

जेवून आम्ही एस.टी.च्या थांब्याकडे चालत निघालो. ऊन कलत होतं. माझ्याच्यानं राहवेना.

“घरी गेल्यावर मी सही करते,” मी म्हटलं.

तो चालत राहिला.

“माझा राग आलाय तुमाला?”

“आलाय,” तो म्हणाला. “लई आलाय. आठ म्हैनं झालं, रोज येतोय.”

इतकं उघड तो कधीच बोलला नव्हता. थांब्याच्या सावलीत तो थांबला, रुमालानं मान पुसली.

“एक सांग. सही केल्यावर सोडनार हाईस काय?”

मला हो म्हणायचं होतं. मनापासून म्हणायचं होतं. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हटलं, “न्हाई. लपवून घेईन.”

“मग सही करू नगंस,” तो म्हणाला. “पाचवं मोडलंयस, ते मोडलंयस. ते आपलं आपन बघू. पन खोटं लिव्हून देऊन चौथंबी मोडशील, आनि त्या खोट्यावर उभा ऱ्हाऊन मी लग्नं लावू व्हय?”

लांबून खानापूरची गाडी येताना दिसली. त्यानं मूठ उघडली, घामानं काळी पडलेली फुलं रस्त्याकडेला टाकली आणि गाडीला हात केला.